याडीच्या घशातला गॅस

याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, आवाज बसला तेव्हा धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. आमच्या तांड्यात नवरी माहेर सोडताना निरोपाचा ढावलो गाते, रडत रडत. तो शिकवावा लागतो, आणि पुरता येत होता फक्त याडीला. स्वरतंतूवर साधी गाठ आहे, गॅस लेसरने काढू, असं यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी दारव्ह्याला विज्ञान शिकवतो; गप्प बसणं मला जमत नाही. परतताना जीपमध्येच सुरू झालो. नळीत कार्बन डायऑक्साइड भरतात, सोबत नायट्रोजन, हेलियम, मग वीज सोडून तो गॅस चेतवतात.

तिथेच माती खाल्ली. आमच्याकडे चेतवतात ती चूल.

"माह्या घशात गॅस चेतवतं काय रे?" याडी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मले नाही कराचं आपरेशन."

अख्खी जीप तिच्या बाजूने झाली.

"याडी, ट्यूबलाइटमधी बी गॅसच असते. जळते काय?"

"मंग ट्यूबलाइटनं गाठ काहून नाही कापत?"

असा प्रश्न माझ्या वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. मी खूशच झालो. ट्यूबचा उजेड चहूकडे पांगतो. लेसरच्या नळीला दोन्ही टोकांना आरसे असतात. त्यांच्यामध्ये उजेड येरझाऱ्या घालतो, चेतलेल्या कणांकडून अगदी आपल्यासारखाच उजेड काढून घेत वाढतो, आणि एका आरशातून थोडा थोडा, सरळ रेषेत बाहेर पडतो. गाठीतलं पाणी तो शोषून घेतं आणि गाठीची वाफ होते. दारव्ह्यात ॲक्रिलिकच्या पाट्या कापतात त्या यंत्रातही हाच गॅस.

"पण तो उजेड डोयाले दिसत नाही," मी म्हणालो.

"मंग बाई नेम कसा धरते?"

"सोबत लाल ठिपका सोडतात. ठिपका जिथं, मार तिथं."

"ठिपका हाये तं ठीक," याडी म्हणाली.

ऑपरेशन झालं आणि बोलायची बंदी आली. घर इतकं गप्प कधीच नव्हतं. आरसे, नळी, सगळं मला समजावता येत होतं. आवाज परत येईल का, एवढंच सांगता येत नव्हतं. मी घाबरलो होतो.

बंदी उठली त्या सकाळी आम्ही तिच्याभोवती बसलो. तिने तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग जाडसर, पण तिचाच आवाज:

"गॅस बंद केला का?"

मी उठलो, बंदच असलेलं रेग्युलेटर पुन्हा फिरवलं आणि तिथेच शेगडीपाशी रडलो. बाहेर ती बहिणीला म्हणत होती, "बस इथं. माह्यामागं म्हण."