वडनेरचा राक्षस

माझं लग्न एका राक्षसाने जमवलं.

तो राक्षस मीच तयार केला होता, हे त्याहून वाईट! पुण्यात नोकरीला लागल्यावर मित्रांच्या नादाने मला एका खेळाचं वेड लागलं. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर जय, एक पडला तर सत्यानाश. (वीस बाजू! आमच्या घरात एखाद्या गोष्टीला दुसरी बाजू असते, हेसुद्धा कोणी मानत नाही.)

त्या दिवाळीत नालवाडीला घरी आलो, तर पायातले बूटही निघायचे होते, तेवढ्यात काकू म्हणाली, "यंदा पोरगी पाहाच लागते, बंटी!" आईबाबांनी हे खातं तिच्याकडेच सोपवलं होतं. मला इतक्यात लग्न नको होतं. म्हणून मी पैज लावली. तू, काका आणि पिंकी, तिघांनी माझा खेळ खेळायचा. संध्याकाळपर्यंत राक्षस मारलात, तर वर्षभर लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही मारलात, तर तू म्हणशील ती मुलगी बघायला येतो.

"चालते," काकू लगेच म्हणाली. ती हरायला एका पायावर तयार आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. राक्षस माझा, गोष्ट माझी, मी हरतो कशाला!

जेवणं उरकून बसलो. काकांचं किराण्याचं दुकान. गोष्टीत त्यांना तलवार घ्यायची होती, तर ते लोहाराच्या दुकानातून हलेनातच.

"काका, घेतली ना तलवार? चला आता पुढे."

"असा कसा चलू? दुसऱ्या दुकानातला भाव तं पाहू दे!"

तिकडे माझी चुलतबहीण पिंकी, कॉलेजात जाणारी घोडी, कारण नसताना फासा टाकत होती आणि एक पडला की त्यावर गुडघा ठेवत होती. "हा टाकला नाई दादा, हातातून निसटला!"

चार वाजले तरी मंडळी लोहाराकडेच! माझा धीर सुटला. अंगणात जाऊन पुण्याच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, त्रास देणाऱ्या खेळाडूला बाजूला घे आणि गोडीने समजाव. मी काकांना बाजूला घेतलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मलाच गोडीने समजावलं, "बंटी, गिऱ्हाइकाले घाई नाई करा लागत."

मग मी राक्षसालाच लोहाराच्या दारात आणून उभा केला. आवाज घोगरा करून गरजलो, "हा हा हा! कोण आहे रे तिकडे?"

"बसा ना," काकू म्हणाली. "चहा घेता का?"

"काकू, राक्षस आहे तो!"

"मंग? दारात आलेल्याले चहा नाई इचारायचा? कोनतं गाव तुमचं, बाप्पा?"

आणि इथे माझी मती फिरली. राक्षसाचं गाव मी ठरवलंच नव्हतं. सकाळी येताना एसटीवर वाचलेली पाटी तोंडातून निघून गेली, "वडनेर."

"माय वं!" काकूने कपाळाला हात लावला. "वडनेर तं माह्यं आजोळ हाय! मंग तुमी माहे मामाच लागता! पिंके, पाया पड आजोबाच्या!"

पिंकी खरोखर वाकली. माझ्याच पाया पडली.

"राक्षस तलवार उगारतो!" मी किंचाळलो.

"उगारन कसा? भाचीवर हात उचलते का कोनी?"

"काका, तुम्ही तरी मारा त्याला!"

"मामसासऱ्याले?" काका दचकले. "घरात राहायचं हाय मले."

दिवेलागण व्हायला आली. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. शेवटी मी राक्षसाचाच जीव घेतला. "त्याच्या छातीत कळ आली. तो मेला. संपला खेळ. जिंकलो मी!"

"असा कसा जिंकला?" काका शांतपणे म्हणाले. "बोली मारायची होती. हा तं आपल्या मौतीनं मेला."

काकूने पदर डोळ्यांना लावला. "मामाच्या तेरवीले वडनेरले जा लागन आता. जाऊनच राह्यलो, तं तिथली एक पोरगी बी पाहून येऊ."

त्या पोरीचं नाव वैशाली. पुढच्या वैशाखात ती आमच्या घरात आली.

मध्यंतरी तिच्या हट्टाने पुन्हा डाव मांडला. राक्षस येताच तिने विचारलं, "काहो, कोन्या गावचा हाय हा?"

या वेळी माझी पूर्ण तयारी होती. "गाव नाही, घर नाही, मामा नाही, मावशी नाही. अनाथ आहे!"

"अरे देवा!" वैशालीचे डोळे भरून आले. "मंग याचं लग्न कोन करून देईन?"

काकू सरसावून बसली. "माह्या पाह्यण्यात हाय एक पोरगी."

बिचाऱ्याला वाचवायला मी त्याच्या वतीने फासा टाकला. एक पडला. (पण निदान त्याच्यासाठी फासा तरी पडला. माझ्या वेळी तो पिंकीच्या गुडघ्याखाली होता!)