वजनाचं ऑपरेशन अन् माझं दोन बोटांचं तोंड

मंडळी, वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी माणसाले किती दारं फिरवतात, ते आज पाहून आलो.

रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण घालून पोट, सगळं मागच्या आठवड्यातच झालं. आज बोरगाव मेघेहून बायकोसोबत पुन्हा दवाखान्यात गेलतो. आधी हृदयाचा डॉक्टर, मग छातीचा, मग मनाचाही! मी बायकोले म्हटलं, "ऑपरेशन पोटाचं, अन् हे फुफ्फुसं काऊन तपासून राह्यले? बिल वाढवाले सगळे डॉक्टर आपसात मिळेल हायेत."

शेवटी भूल देणाऱ्या मॅडमची सही राहिली. फॉर्मवर तंबाखूसमोर मी 'नाही' लिहिलं होतं. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. "तोंड उघडा."

उघडलं.

"अजून."

अजून उघडेचना. जेमतेम दोन बोटं मावली.

"खर्रा किती खाता?"

"दिवसाले पाच-सहा पुड्या. पण मॅडम, तो सुपारीचा खर्रा हाये. तंबाखू त्यात नावाले असते."

बायकोनं कपाळाले हात लावला. मॅडम हसल्या नाईत. "या खर्र्यानेच तोंड आखडलं आहे. भूल दिल्यावर श्वासाची नळी याच तोंडातून घालायची आहे. ती गेली नाही तर जिवावर बेतेल. खर्रा बंद करा, तोंडाच्या डॉक्टरांना दाखवा, मग सही."

बाहेर येताच पहिला विचार आला, घ्या, अजून एक डॉक्टर वाढवला! अन् हात आपोआप खिशातल्या पुडीवर गेला.

दिवसभर सगळ्यांवर संशय घेतला, अन् फॉर्मवर खोटं लिहिणारा एकटा मीच होतो.

खरं सांगा, तुम्ही तंबाखूसमोर काय लिहिता?