खोकला कुठल्या घरचा

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्या सातारा-सांगलीकडं भावाची मुलगी सून करून आणतात. मुलगी घरातल्या घरात राहिली म्हणून सगळे खूश. मीही होते, लेक जन्मेपर्यंत.

पोरीचं नाक जन्मल्यापासून वाहायचं, खोकला थांबायचा नाही. बाळंतपण माहेरी झालेलं, म्हणून आत्यानं माझ्या आईला धारेवर धरलं. "हिच्या आईनं बाळंतिणीला दही चारलं. तिच्या माहेरचा दमा हाय ह्यो," असं दारात येईल त्याला सांगायची. आई नातीला बघायला आली की तिच्या तोंडावरही सांगायची. आई मान खाली घालून बसायची. ती खाली गेलेली मान मी विसरले नाही.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढायला लावला. काढणाऱ्याला वाटलं, फिल्मच उलटी लागली. त्यानं परत काढला. पोरीचं काळीज खरोखरच उजवीकडं होतं. मग रक्त तपासलं, तिचं, आम्हा दोघांचं, आईचंही.

बाईंनी समजावलं. श्वासनळीच्या पेशींवर केसांसारखे बारीक तंतू असतात, ते सारखे हलून कफ वर ढकलतात. त्यांना हलवणारं प्रथिन एका जनुकाच्या सांगण्यावरून बनतं. पोटात असताना काळीज कुठल्या बाजूला बसायचं, तेही असल्याच तंतूंच्या हालण्यावर ठरतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, आईची एक, बापाची एक. एक धड असली तरी भागतं. पोरीच्या दोन्ही बिघडलेल्या होत्या.

"आणि दोन्हींतला बिघाड हुबेहूब एकच आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईकडं तो नाही."

म्हणजे मला तो वडिलांकडून आला, नवऱ्याला आत्याकडून. सख्खी बहीणभावंडं ती. यात कुणाची चूक नव्हती, हे मला कळत होतं. तरी आत्याला सोडायचं नाही हे मी तिथंच ठरवलं. नवऱ्याला म्हटलं, घरात एवढ्यात बोलायचं नाही.

वडील गेल्यापासून माहेरी आईचं कुणी ऐकत नव्हतं. आत्यानं धाकटी बहीण माझ्या दिरासाठी मागितली, तेव्हा आईला कुणी विचारलंही नाही. सुपारी फोडायला दोन्हीकडची माणसं बसली आणि मी उभी राहिले. सगळं सांगितलं, अगदी सावकाश.

"खोकला तुमच्या रक्तातनं आलाय, आत्या. आता माज्या बहिणीच्या पोटीबी असलंच लेकरू पायजे का तुमाला?"

"हळू बोल गं, मानसं हायती."

"आईला बोलताना तुमी कवा हळू बोलला व्हता?"

सुपारी फुटली नाही. बहीण वाचली. आई रडत होती, आणि मला लय बरं वाटत होतं.

तंतू हलत नाहीत, म्हणून लेकीला रोज पालथं झोपवून पाठ थापटावी लागते, तेव्हा कफ सुटतो. मी ते आईला शिकवलंय. ती येते तेव्हा पुढच्या सोप्यातच थापटते, आत्यासमोर. परवा आत्या म्हणाली, "मलाबी शिकीव की. माजीबी नात हाय."

"तुमी नुसतं बगा," मी म्हटलं.