वरच्या तिघांसाठी नारळ

रांगेत पुढे सरकण्याची विद्या देवाने मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांना दिली. राहून गेले ते फक्त माझ्या बायकोचे मामा. ते गुंदला भातशेती करतात. रामनगरला आमच्याकडे आले की परतीच्या बससाठी तासभर आधी जाऊन उभे राहतात, आणि बस आली की लेकुरवाळ्या, म्हातारे, बाजारकरी, मग नुसतेच घाईतले, अशा सगळ्यांना चढवून पुन्हा आमच्या दारात चहाला हजर होतात. उळवीच्या जत्रेत मागच्यांना वाट देता देता एकदा देवळाच्या दाराला कडी लागली. मामांनी कडीलाच नमस्कार केला. "देव काय, आत हाय आन् भाईरबी हाय."

असा हा माणूस, आमच्या मुलीचं नाव धारवाडच्या शेती कॉलेजात वेटिंग लिस्टवर लागलं नेमक्या त्याच आठवड्यात येऊन ठेपला. दांडेलीच्या कॉलेजात जागा घेऊन ठेवली होती, पण घरात त्या कॉलेजाचं नाव कुणी काढत नव्हतं. मी थकून नुसता फोनकडे बघत बसायचो.

"वेटिंग म्हंजे न्हाईच का गं, बाय?" मामांनी तिला विचारलं.

"न्हाई, आजो. वरची तिघं दुसरीकडं गेली तर मला."

"म्हंजे तरवाच की! लावणीतनं उरलेली रोपं कडंला ठेवायची, कुठलं रोप गेलं की तिथं लावायची." मग स्वतःच दचकले. "म्हंजे कुनाचं तरी रोप गेलंच पायजे का गं?"

दुसऱ्या दिवशी उळवीला जाऊन त्यांनी नारळ फोडला. मागणं एकच, वरच्या तिन्ही लेकरांना याहून मोठं कॉलेज मिळू दे. मी मनात काय मागत होतो ते सांगवत नाही. ती पोरं आजारी पडावीत, इथपर्यंत मी पोचलो होतो.

दोघं गेली. तिसऱ्याने धारवाडचीच जागा घेतली, आणि यादी बंद झाली.

"त्या लेकराची सोय झाली म्हना की," मामा म्हणाले.

"तुमचा नारळ त्यालाच लागला, आजो!" मुलगी रडत ओरडली.

ती दांडेलीला निघाली त्या दिवशी स्टँडवर तोबा गर्दी होती. बस थांबायच्या आत मामा धावले. खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकला, कोपरं मारत चढले आणि सीटवर मांडी घालून बसले. एक म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली, तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मुलगी येऊन बसली तेव्हाच उठले.

बस गेल्यावर बराच वेळ ते मोकळा खांदा चाचपत होते.

"त्या म्हातारीला उभं ऱ्हावं लागलं, पावणं."

मग गुंदची बस आली. मामांनी सगळ्यांना चढवलं, आणि माझ्याबरोबर घरी परतले.