उताराचा आकडा

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत स्पिरिट तपासायचं मशीन आलं, तेव्हा त्याची लाकडी पेटी मी माझ्या हातानं उघडली होती. गॅस क्रोमॅटोग्राफ. सुईनं थेंबभर स्पिरिट आत सोडलं की त्यातले घटक एकामागून एक बाहेर पडायचे. शेजारचा डबा कागदावर त्यांच्या टेकड्या काढायचा आणि प्रत्येकीचा आकडा छापायचा. मिथेनॉलची टेकडी लहानशी, पण विषारी. सगळं लक्ष तिच्यावर.

दोन वर्षं त्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मग बेंबळी गावची एक एम.एस्सी. झालेली मुलगी लॅबमध्ये लागली. मी नुसता बी.एस्सी. मशीनच्या कंपनीनं डब्याचा प्रोग्राम बदलायला नवी चिप काढली, तेव्हा शिकायला पुण्याला साहेबांनी तिला पाठवलं. ते तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. बायको म्हणाली, "तब्येत बरी न्हाय का?" काय सांगणार तिला?

दुष्काळाचं वर्ष होतं. ऊस वाळून गेला, गाळप लवकर संपलं, शिल्लक मळीवर डिस्टिलरी कशीबशी चालली होती. तशात तिनं पुण्याहून येऊन चिप बसवली आणि मिथेनॉलचा आकडा एकदम निम्म्यावर आला. रोजच्याच स्पिरिटचा. साहेब म्हणाले, "खरा आकडा कळल्याशिवाय माल हलणार नाही."

तिनं सुई बदलली, रबराचं बूच बदललं, गॅसची गळती साबणाच्या पाण्यानं तपासली. आकडा तोच. मला कारण पहिल्याच दिवशी उमगलं होतं. टेकडीचा उतार सुरू झाला हे डब्यानं कधी मानायचं, याचा एक आकडा आत भरावा लागतो. तो ढोबळ असला, की लहान टेकडीचा पायथा मोजलाच जात नाही. चिप बदलताना जुना आकडा पुसला गेला होता. माझ्या खिशातल्या डायरीत तो लिहिलेला होता.

"सर, जुन्या सेटिंगा कुठं लिहून ठेवल्यात का तुम्ही?" तिनं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. "पुण्याला शिकवलं असंल की तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी तिनं मिथेनॉलची दोन द्रावणं केली, एक दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट कडक. दोन्हींच्या टेकड्या कात्रीनं कापल्या आणि ते कागदाचे तुकडे नाजूक काट्यावर तोलले. एकाचं वजन दुसऱ्याच्या दुप्पट भरलं. डब्यानं छापलेला आकडा मात्र चौपटीच्या जवळ होता.

"मशीन बरोबर काढतंय सर, मोजताना चुकतंय!" ती लहान पोरीसारखी ओरडली. मी बाटल्या धूत होतो, तसाच धूत राहिलो. हे मला का सुचलं नाही? मला तर उत्तर आयतं ठाऊक होतं, तिनं ते शून्यातून काढलं होतं. तेच जास्त झोंबलं.

दुपारपर्यंत तिनं सूचनांचं पुस्तक चाळून एकेक आकडा बदलून पाहिला आणि उताराचा आकडा जुळवला. मिथेनॉल जागेवर आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. मीही टाळ्या वाजवल्या.

आठवडाभर ती डायरी खिशात टोचत राहिली. शेवटी शनिवारी, लॅबमध्ये आम्ही दोघंच असताना, पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं वाचलं. वरची तारीख पाहिली, मग माझ्याकडं.

"हे होतं तुमच्याकडं?"

"व्हय."

मला वाटलं, आता ती साहेबांकडं जाणार. तिनं पेन काढलं आणि उरलेल्या सेटिंगा रजिस्टरमध्ये उतरवून घेतल्या. डायरी मिटून परत दिली. "दोन दिवस लई रडले मी घरी," एवढंच म्हणाली, आणि पुढचा नमुना सुईत भरायला लागली.

तिनं कुणाला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला तिचा राग तरी धरता आला असता. पुढं बरीच वर्षं आम्ही एकाच टेबलावर काम केलं, आणि तिचा हेवा मला शेवटपर्यंत वाटत राहिला.