हरिहरेश्वरच्या खडकात अडकलेला पाय

दहावीच्या मुलांना मी सदाशिव पेठेत कित्येक वर्षं भूगोल शिकवला. ‘तरंगघर्षित मंच’ची व्याख्या मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. लाटांच्या माऱ्याने कडा मागे हटतो आणि त्याच्या पायथ्याशी खडकाचं सपाट अंगण उरतं, तो हा मंच. तो मी कधी डोळ्यांनी पाहिला मात्र नव्हता. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि मी सत्तेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात एम.ए. भूगोलाला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मॅडम आल्या.

दुसऱ्या वर्षी अभ्याससहल सक्तीची असते. आमची नोव्हेंबरात हरिहरेश्वरला ठरली. आमचे हे म्हणाले, “समुद्र बघायला जाताय तर मीही येतो.” म्हटलं, बघायला नाही, मोजायला. “मग नको,” म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. लक्ष्मी रोडला जाड तळव्याचे बूट मागितले तेव्हा दुकानदाराने विचारलं, “मुलासाठी का?” माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा बुटांकडे बघितलं. “नीट विचार करून घ्या. आम्ही परत घेत नाही.”

जाणाऱ्यांसाठी थोडं रस्त्याचं सांगते. स्वारगेटहून श्रीवर्धनची एसटी मिळते, पण आमची ठरवलेली बस होती. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, मग ताम्हिणी उतरून माणगाव आणि म्हसळा. पिरंगुटच्या पुढे पोटभर खाऊ नका. ताम्हिणीची वळणं खाल्लेलं सगळं बाहेर काढतात, आमच्या बसमध्ये तिघांचं काढलं. उतरताना खिडकीतून बेसॉल्टचे थर एकावर एक दिसतात, ते मात्र चुकवू नका.

माझ्या शेजारी अंजली होती. हडपसरची, बावीस वर्षांची, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. घरची शेती होती तिथे आता भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत. वडिलांना तिचं शिकणं नको होतं असं नाही, पण चुलत्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. ताम्हिणीत ती म्हणाली, “ताई, दादांनी टूरला पाठवलंय, पण काका म्हणाले, आता ही शेवटची. काही इकडचं तिकडं झालं ना, तर परीक्षेलापण बसू देणार नाहीत.” ती वडिलांना दादा म्हणते. मी म्हटलं, काय होणार आहे, चार दगड मोजायचे आणि परत यायचं.

हरिहरेश्वरला घरगुती राहण्याची सोय सहज होते. खोल्या साध्या आणि स्वच्छ असतात. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. आम्हाला पहिल्या दिवशी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी आणि मोदक मिळाले. मासे हवे असतील तर तसं घर आधीच विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागच्या पायऱ्यांनी खाली उतरलो. दोन कातळांच्या मधून वाट अरुंद होत जाते आणि एकदम समोर समुद्र येतो. उजवीकडे कड्याच्या पायथ्याशी तो मंच होता. मी तिथेच थांबले. पुस्तकातल्या आकृतीत तो सरळ रेषेने दाखवतात. इथे तो खाचखळग्यांचा, शेवाळलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा होता आणि पार पाण्यापर्यंत पसरला होता.

सरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, “अमावास्या जवळ आहे. ओहोटी खूप आत जाईल, आणि भरती तेवढीच जोरात येईल. माझी शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून पायऱ्यांकडे यायचं. अजून एक रीडिंग, असं कुणी म्हणायचं नाही.”

आमचा तिघांचा गट होता. मी, अंजली आणि ओंकार. आम्हाला खडकातल्या भेगांची रुंदी आणि दिशा घ्यायची होती. ओंकार होकायंत्र धरायचा, अंजली टेप लावायची, मी लिहायचे. अंजली तिथे वेगळीच मुलगी झाली होती. एका भेगेवरून दुसरीवर उड्या मारत, “ताई, या सगळ्या एकाच दिशेला जातात, बघा,” असं मोठ्याने सांगत होती. वर्गात तिचा आवाज मी एवढा कधी ऐकला नव्हता.

शिट्टी वाजली तेव्हा आम्ही लगेच निघालो. पाणी अजून लांब होतं. अंजली माझ्या पुढे होती. शेवाळावरून तिचा पाय सरकला आणि ती बसली, मला वाटलं आता उठेल. ती उठली नाही. तिचा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत भेगेत गेला होता आणि बूट खाली आडवा अडकला होता.

ओंकारने तिला काखेत धरून ओढलं तशी ती किंचाळली. आम्ही पुन्हा प्रयत्न केला, पण पाय हलेना. मी ओंकारला म्हटलं, “सरांना आण. पळ, पण पाय बघून टाक.”

तो गेला आणि आम्ही दोघीच उरलो. पायऱ्यांकडची मंडळी कड्याच्या वळणाआड होती, दिसत नव्हती. समुद्राकडच्या भेगांमधून पाणी येऊ लागलं होतं. वरून लाट यायच्या आधीच ते खालून, भेगेभेगेतून वर चढत होतं. अंजलीच्या भेगेत ते आलं तेव्हा तिने माझा दंड धरला. “ताई, तुम्ही जा,” म्हणाली. मी म्हटलं, गप्प बस आणि मला सांग, बुटाची गाठ कशी मारली आहेस. “दुहेरी.”

मी पोटावर आडवी झाले आणि हात खाली घातला. पाणी थंड होतं आणि मिनिटागणिक वर येत होतं. गाठ बोटांना लागत होती, पण ओली होऊन दगडासारखी झाली होती. नखं मोडली. तेवढ्यात आठवलं, आकृत्या काढायच्या पेन्सिलींना टोक करायचं ब्लेड पाउचमध्ये आहे. ते काढताना पहिलं हातातून सुटून पाण्यात गेलं. पाकिटात दुसरं होतं. एक लाट माझ्या पाठीवरून गेली. तोंडात खारं पाणी, डोळे मिटलेले, आणि मी लेस कापत होते की तिचा पाय, ते मला कळत नव्हतं.  अंजलीने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर आठवडाभर निळा होता.

लेस तुटली. मी बुटाची जीभ बाहेर ओढली आणि म्हटलं, आता कितीही दुखलं तरी ओढ. तिने ओढलं. पाय बाहेर आला, बूट आत राहिला.

सर, ओंकार आणि आणखी दोघं पोचले तोपर्यंत आम्ही बसत-सरपटत निम्मं अंतर आलो होतो. त्यांनी तिला उचलून पायऱ्यांवर नेलं. मागे वळून पाहिलं तेव्हा आम्ही होतो ती जागा पाण्याखाली होती.  सर पायरीवर बसले आणि चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

श्रीवर्धनला डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. सरांनी तिच्या घरी फोन करून पायाला लागल्याचं आणि गाडी आधी स्वारगेटला आणत असल्याचं सांगितलं. परतीच्या बसमध्ये अंजली मागच्या लांब सीटवर पाय पसरून बसली होती. माणगावच्या पुढे तिने मला जवळ बोलावलं.

“ताई, मी दादांना सांगणार आहे, राहिलो तिथल्या जिन्यावरून पडले. तुम्हाला विचारलं तर तुम्हीपण तेच सांगा.”

“मी आपणहून बोलणार नाही,” मी म्हटलं. “पण त्यांनी मला विचारलं तर खोटं सांगणार नाही, अंजली.”

ती खिडकीकडे वळली.  घाटभर मला राहून राहून वाटत होतं, हो म्हणायला काय हरकत होती. एका मुलीचं शिक्षण माझ्या खरेपणापेक्षा स्वस्त आहे का. 

स्वारगेटला तिचे वडील रिक्षा थांबवून उभे होते. उंच, पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले. ओंकारने आणि मी तिला उतरवलं. त्यांनी प्लास्टरकडे बघितलं.

“कुठं पडलीस?”

अंजलीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत राहिले.

“समुद्रात,” ती म्हणाली. “खडकात पाय अडकला, दादा. पाणी चढत होतं. ताईंनी बूट कापून काढलं मला.”

 त्यांनी मला विचारलं, “तुम्ही टीचर का?”

“नाही. मी तिच्या वर्गात आहे.”

“ह्या वयात?”

“हो.”

“आन् घरचे काय म्हणत्यात?”

“सुरुवातीला पुष्कळ म्हणाले. आता स्वयंपाक येतो त्यांना.”

ते हसले नाहीत. वाकून त्यांनी अंजलीला लहान पोरीसारखं उचललं, रिक्षात ठेवलं, आणि शेजारी बसून निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, “बरं झालं तुम्ही व्हता.”

त्यानंतर अंजलीचा फोन बंद. एक आठवडा गेला, मग दुसरा. ओंकार म्हणाला, घरी जाऊन बघू का, सर म्हणाले, थांबा. तिची माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि मी रोज तिच्यासाठी नोट्सची एक प्रत जास्त काढायचे. आमचे हे विचारायचे, “आला का फोन?” आणि मी नाही म्हटलं की दुसरं काहीतरी बोलायचे.

हरिहरेश्वरला जरूर जा. भरतीची वेळ गावात विचारून मगच खाली उतरा, आणि ओला खडक कितीही सपाट दिसला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी परत जाईन का, हे मला अजून सांगता येत नाही. बसमध्ये तिला नाही म्हणाले ते बरोबर होतं का, याचंही तसंच. खांद्याचा निळा डाग गेला, तो प्रश्न काही गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी भाजी चिरत असताना फोन आला. अनोळखी नंबर होता. पलीकडून पुरुषाचा आवाज, घसा खाकरून.

“अंजलीचा बाप बोलतोय. तुमचा वर्ग खाली हाय का वरल्या मजल्यावर?”

“दुसऱ्या मजल्यावर,” मी म्हटलं. “लिफ्ट नाहीये.”

 मागे कुठेतरी अंजली काहीतरी सांगत असलेली ऐकू येत होती.

“मग उचलूनच आणावं लागल,” ते म्हणाले. “वर्ग किती वाजता भरतो?”