रांगेचा खेळ

भोंगाताईला बोलता येत नाही असं कुणी म्हणणार नाही. सफाई कामगारांना कायम करा म्हणून ती विद्यापीठाच्या फाटकाशी बसली, तेव्हा कर्णा बंद पडूनही वरच्या मजल्यावरच्या साहेबांना खिडकी लावून घ्यावी लागली. तेव्हापासून हे नाव पडलं. शिकत होती समाजशास्त्र. गरिबाघरची मुलं कॉलेज मधेच का सोडतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय, आणि पोटासाठी पहिल्या वर्षाला शिकवायची. बाप इस्त्रीवाला. लोकांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास केलेली पोर. तेव्हा गरिबी मला कुणी शिकवू नये, असा तिचा ठसका होता, आणि तो खोटा होता असं कोण म्हणेल?

तर त्या वर्षी तिनं वर्गात रांगेचा खेळ घेतला. या विषयाच्या मास्तरांचा हा लाडका खेळ. बाकं बाजूला सारायची, मुलांना एका ओळीत उभं करायचं आणि प्रश्न वाचायचे. घरात पुस्तकांचं कपाट असेल त्यानं एक पाऊल पुढे. आईला दुसऱ्याच्या घरची भांडी घासावी लागली असतील त्यानं एक पाऊल मागे. शेवटी कोण कुठं पोचलं ते बघायचं, म्हणजे विषमता डोळ्यांना दिसते म्हणे. प्रश्न वाचणाऱ्याला मात्र रांगेत उभं राहावं लागत नाही. मोठीच सोय.

खेळ झकास रंगला. पुढची मुलं फळ्याला जाऊन भिडली. मागच्या भिंतीला टेकली ती एकटी वेणीवाली, वर्गात सगळ्यांची टर उडवणारी, उत्तराला कायम पुढे असणारी मुलगी. "आता मागे वळून बघा," ताई म्हणाली. सगळा वर्ग वळला. वेणीवाली आपल्या चपलांकडे बघत राहिली. मग ताईनं असं काही भाषण ठोकलं की दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःवर खूश होऊन घरी गेली बिचारी.

दुसऱ्या दिवसापासून वेणीवाली आली नाही. दोन आठवडे गेले. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे वर्ष गेलं, आणि अशा घरात वर्ष गेलं की शिक्षणच गेलं. हे ताईइतकं कुणाला माहीत? तिनं पत्ता काढला आणि गेली.

गॅरेजच्या माडीवर एकच खोली, मधे दोरीवर चादर टाकून दोन केलेली. आई कामावर. मुलगी खाली बसून शर्टांना बटणं लावत होती. तिनं खुर्चीवरचा ढीग उचलला.

"बसा, ताई."

"ये की गं उद्यापासून. लाजायचं काय त्यात? माझे बाबासुद्धा इस्त्री करतात."

"हे वर्गात कधी सांगितलंत?"

ताई मोर्चात सांगायची, प्रबंधातही लिहिलं होतं. वर्गात कधी जीभ उचलली नव्हती.

"मी मागे आहे हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे," मुलगी म्हणाली. "त्यांना माहीत नव्हतं. माझी मैत्रीण आणि मी रोज एकमेकींचा डबा हिसकावून खायचो. त्या दिवशी तिनं डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, घे, सगळा घे."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गरिबाघरची लक्तरं वेशीवर टांगली कुणी, तर गरिबाच्याच पोरीनं.

"माझं चुकलं गं."

मुलीनं दातांनी दोरा तोडला. "परीक्षा द्यायचीय मला. सकाळच्या तुकडीत घालाल? तिथं मला कुणी ओळखत नाही." सुईत नवा दोरा ओवत म्हणाली, "आणि तिथं तुम्ही शिकवू नका."

ताईनं कार्यालयात खेटे घालून तुकडी बदलून घेतली. पुढच्या सत्रात सकाळची तुकडी तिलाच मिळणार होती, ती तिनं सोडली. प्रबंधाच्या मार्गदर्शक बाईंनी कारण विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जिन्यावर दोघी समोरासमोर आल्या. वेणीवाली नव्या मैत्रिणींच्या घोळक्यात खिदळत होती. ताईला बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. आता ही चारचौघींत काहीतरी बोलणार, ही धास्ती तिच्या तोंडावर ताईला स्पष्ट दिसली. ताई ओळख न दाखवता कठड्याला लागून उतरत गेली.

"कोण गं ती? तुझ्याकडे बघत होती," मागून कुणीतरी विचारलं.

"काय माहीत," वेणीवाली म्हणाली.

ताईनं ते ऐकलं. वळली नाही.